पादप पाणी कसें पितात?

सकाळीं स्नान आटोपल्यावर तुळशीस तांब्याभर पाणी घालणें हा आमच्या घरांतील नित्यक्रम आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरींही तो असेल. तें पाणी वृंदावनाच्या मातींत मुरतें आणि आपण आंत येऊन आपल्या उद्योगास लागतों. पुढें त्या पाण्याचें काय होतें, तें मुळांतून पानांपर्यंत कोणत्या बळानें जातें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आम्हींही तो नीट केला नव्हता. आणि आम्ही तर तीसांहून अधिक वर्षें मुलांस संस्कृताबरोबर सृष्टिविज्ञानाचे पाठ देऊन त्याचें वेतन घेतलें आहे! गेल्या महिन्यांत आलेल्या एका पत्रानें ही गोष्ट आमच्या पदरीं घातली, म्हणून आजचा लेख.

पत्र एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. कोंकणांतील ज्या शाळेंत आम्ही त्या वेळीं होतों, तेथें दर वर्षीं श्रावणांत आम्ही तेरड्याचा प्रयोग करून दाखवीत असूं. तेरड्याची कोंवळी फांदी तांबड्या शाईच्या पाण्यांत उभी करून ठेवावी. कांहीं वेळानें तिच्या पारदर्शक देंठांत तांबड्या रेघा वर चढलेल्या दिसतात. मग सुरीनें देंठ आडवा कापावा आणि मुलांस तांबडे ठिपके दाखवावे. "पाहा, ह्या जलवाहिन्या!" असें म्हटलें कीं आमचा पाठ संपे. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, शाळेमागचा नारळ साठ फूट उंच आहे. तेथवर पाणी कसें चढतें?" आम्हीं सांगितलें, "दिव्याच्या वातींत तेल चढतें तसें. यास केशाकर्षण म्हणतात." मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण गुरुजी, वात चार बोटांची असते. साठ फूट लांबीची वात लावली तर दिवा पेटेल काय?" वर्ग हंसला. आम्हांस तो आमचा उपमर्द वाटला आणि आम्हीं त्यास "खालीं बस" म्हणून सांगितलें. तो बसला.

तोच मुलगा आज युरोपांतील एका संशोधनसंस्थेंत झाडांतील पाण्याचा अभ्यास करीत आहे. पत्रासोबत त्यानें एक चित्र पाठविलें होतें: काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढुरकें वर्तुळ, आणि त्यांत कडेनें ओळीनें बसलेले तेजस्वी ठिपके. खालीं लिहिलें होतें, "गुरुजी, हा एरंडाच्या रोपाचा देंठ आहे. तो कापलेला नाहीं. रोप अजून जिवंत आहे आणि कुंडींत वाढत आहे." पत्रांत तक्रारीचा एक शब्दही नव्हता, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

प्रथम आमच्या त्या उत्तराचा हिशेब करूं. अरुंद नळींत पाणी आपोआप वर चढतें हें खरें. नळी जितकी अरुंद तितकें तें अधिक चढतें. परंतु ज्या जलवाहिनीचा व्यास एका मिलिमीटराच्या पंचविसाव्या भागाइतका आहे, तींत केशाकर्षणानें पाणी चढेल तें सुमारें पाऊण मीटर. म्हणजे तेरड्याचें काम भागेल, पण नारळाच्या गुडघ्यापर्यंतच आमचें उत्तर पोंचेल! बरें, विहिरीवरील पंपाप्रमाणें झाड पाणी शोषतें म्हणावें, तर साधा शोषक पंप दहा मीटरांपलीकडे पाणी ओढूं शकत नाहीं. कारण तेथें पाण्यास वर ढकलणारा असतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि त्याची मजल तेथें संपते. कॅलिफोर्नियांतील रेडवुड जातीच्या झाडांची उंची ११५ मीटरांपलीकडेही जाते. त्यांच्या शेंड्यावरचीं पानेंही हिरवींच असतात. तेव्हां मागच्या बांकावरील त्या मुलाचा प्रश्न खरा होता आणि आमचें उत्तर खोटें होतें.

हा प्रश्न विचारणारांची परंपरा मोठी आहे. इंग्लंडांत टेडिंग्टन येथें स्टीफन हेल्स नांवाचे एक धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांनीं कुंडींतील सूर्यफुलाचें झाड दिवसांतून दोनदां असें पंधरा दिवस तोलून पानांवाटे किती पाणी उडून जातें तें मोजलें, आणि १७२७ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आज आपणांस ठाऊक आहे कीं मुळांनीं घेतलेल्या शंभर भाग पाण्यापैकीं सत्त्याण्णव किंवा त्याहूनही अधिक भाग पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन जातात. १८९१ सालीं स्ट्रासबुर्गर या जर्मन पंडितानें उंच झाडें बुडाशीं कापून त्यांस विषारी द्राव पाजले. वाटेंतील जिवंत पेशी मेल्या, तरी द्राव वर चढतच राहिला. मग १८९४ सालीं डब्लिन येथील डिक्सन व जोली या दोघांनीं असें प्रतिपादन केलें कीं पाणी खालून ढकललें जात नसून वरून ओढलें जातें. पानांतून पाणी उडालें कीं मागच्या पाण्यास ताण बसतो. पाण्याचे कण एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं तो ताण दोरीवरील ओढीप्रमाणें थेट मुळांपर्यंत पोंचतो. आपल्याकडील जगदीशचंद्र बसू यांनीं १९२३ सालीं याच विषयावर ग्रंथ लिहून, जिवंत पेशींच्या स्पंदनानें रस वर चढतो असें मत मांडलें. तें मत पुढें विद्वन्मान्य झालें नाहीं. परंतु वनस्पतीस न दुखवितां तिच्याकडूनच उत्तर घ्यावें, ही त्यांची दृष्टि किती योग्य होती हें पुढें दिसेलच.

संस्कृताच्या वाचकांस येथें 'पादप' हा शब्द आठवेल. पायांनीं पितो तो पादप. महाभारताच्या शांतिपर्वांत भृगु-भरद्वाज संवाद आहे. त्यांत कमळाच्या देंठानें तोंडावाटे पाणी वर ओढण्याचा दाखला वृक्षाच्या पिण्यास दिला आहे. ढकलण्याचा नव्हे, ओढण्याचा! उपमा सुंदर आहे आणि योग्यही आहे. परंतु एवढ्यावरून आधुनिक शोध आपल्या पूर्वजांस ठाऊक होते असें कोणीं म्हणूं नये. पाहणें निराळें, आणि मोजून सिद्ध करणें निराळें. पूर्वजांचा गौरव त्यांच्या निरीक्षणांत आहे. त्यावर न केलेल्या श्रमांचें श्रेय चढविल्यानें तो वाढत नाहीं.

डिक्सन-जोलींचें मत मोजून पाहण्याचें साधन १९६५ सालीं शोलँडर व त्यांचे सहकारी यांनीं पुढें आणलें. डहाळी तोडून एका बंद भांड्यांत ठेवावी, तिचा कापलेला शेंडा बाहेर काढावा, आणि आंत हवेचा दाब वाढवीत जावें. कापलेल्या तोंडाशीं रसाचा थेंब ज्या दाबास दिसेल, तितका ताण तोडण्यापूर्वीं आंतील पाण्यावर होता असें समजावें. उंच झाडांच्या डहाळ्या त्यांनीं बंदुकीची गोळी झाडून खालीं पाडल्या! ताण दहा-वीस वातावरणांच्या दाबाइतका निघाला.

परंतु येथेंच खरी अडचण आहे. ज्या पाण्यावर इतका ताण आहे, तें वाहत असतां आपण देंठ कापला तर काय होईल? ताणलेली दोरी तुटावी तसें होईल. पाणी झटकन् मागें सरेल आणि उघड्या नलिकांत हवा शिरेल. म्हणजे जी गोष्ट पाहावयाची तीच आपण सुरीच्या पहिल्या घावासरशीं नाहींशी करतों. तेरड्याच्या प्रयोगांत आम्ही मुलांस दाखवीत होतों तो जिवंत प्रवाह नव्हे, तर त्याची वाट. आम्हीं इतकीं वर्षें दाखविलें तें पाण्याचें पाऊल. पाणी चालतांना आम्हीं कधींच पाहिलें नव्हतें.

न कापतां पाहण्याचें तें साधन आतां आपल्या शहरांत पुष्कळांच्या परिचयाचें झालें आहे. आमच्या सौभाग्यवतींची कंबर दोन वर्षांपूर्वीं धरली, तेव्हां त्यांस एका लांबट बोगद्यासारख्या यंत्रांत अर्धा तास निश्चळ निजवून चित्र काढलें होतें. यंत्राचा ठकठकाट पाहतां आंत कांसारआळीच भरली आहे कीं काय असें त्यांस वाटलें! यासच एम्. आर्. आय्. म्हणजे चुंबकीय अनुनादानें प्रतिमा काढणें म्हणतात. यांत क्ष-किरण नसतात. पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात, आणि त्यांचा गर्भ हा एक सूक्ष्म चुंबक असतो. बलवान् चुंबकक्षेत्रांत ठेवला कीं तो भोंवऱ्याप्रमाणें डुलूं लागतो. क्षेत्र एक टेस्ला असेल तर हें डुलणें सेकंदास सुमारें ४ कोटि २६ लक्ष वेळां होतें. दवाखान्यांतील दीड टेस्लाच्या यंत्रांत सुमारें ६ कोटि ३९ लक्ष वेळां. त्याच तालाची रेडिओलहर सोडली कीं हे भोंवरे तिच्यासरशीं झुकतात, आणि लहर थांबली कीं स्वतः तसाच क्षीण सूर काढीत पूर्वस्थितीस येतात. तो सूर यंत्र ऐकतें.

सूर कोठून आला हें कळण्यासाठीं चुंबकक्षेत्र एका टोकास किंचित् अधिक व दुसऱ्या टोकास किंचित् कमी ठेवतात. मग प्रत्येक ठिकाणचा ताल निराळा होतो, आणि तालावरून ठिकाण ओळखतां येतें. ही युक्ति अमेरिकेंतील पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केली. त्यांचें पहिलें चित्र मनुष्याच्या अवयवाचें नव्हतें. तें पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें होतें. झाडाचें खोड म्हणजे तरी काय, पाण्यानें भरलेल्या बारीक नळ्यांची जुडीच नव्हे काय? या कार्याबद्दल लॉटरबर व इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां केवळ पाणी नव्हे, वाहतें पाणी कसें ओळखावें? याची युक्ति स्टेयस्कल व टॅनर यांनीं १९६५ सालीं दिली होती. ती आम्हीं आमच्या मनाशीं कवाइतीच्या दाखल्यानें समजून घेतली, वाचकांनींही पाहावी. मैदानांत खडूनें एक, दोन, तीन अशा खुणा करून मुलें ओळीनें उभीं केलीं आहेत. शिक्षकानें शिटी वाजविली कीं ज्यानें त्यानें आपल्या खुणेच्या आंकड्याइतके अंश उजवीकडे वळावें. मग थोडा वेळ जाऊं द्यावा. दुसरी शिटी वाजतांच, त्या क्षणीं ज्या खुणेवर आपण असूं तितके अंश डावीकडे वळावें. जो मुलगा जागचा हलला नाहीं, त्याचें तोंड पुन्हां समोर येईल. जो तीन खुणा पुढें सरकला, त्याचें तोंड तीन अंशांनीं वांकडें राहील. वांकडेपणा मोजला कीं चाल कळली! यंत्रांतील मुलें म्हणजे पाण्याचे अणु, शिटी म्हणजे चुंबकक्षेत्राचा क्षणिक उतार. पेशींत साठलेलें स्थिर पाणी, वर जाणारें पाणी आणि खालीं येणारा रस हीं तिन्ही यामुळें एकाच देंठांत निरनिराळीं दिसतात.

या मार्गानें काय हातीं आलें तें थोडक्यांत सांगतों. १९८६ सालीं बॉटम्ली, रॉजर्स व फॉस्टर यांनीं फावा वालाच्या रोपाचीं मुळें मातींतून न उपटतां त्यांतील पाणी चित्रांत दाखविलें. १९९७ सालीं कोकेनबर्गर व सहकाऱ्यांनीं एरंडाच्या कोंवळ्या रोपांत वर जाणारें पाणी आणि पानांकडून खालीं येणारा साखररस या दोहोंचीही गति मोजली. रसवाहिन्या इतक्या नाजूक असतात कीं नुसत्या सुईच्या टोंचणीनेंही त्या आपलें दार लावून घेतात. त्यामुळें ही गति न दुखवितां मोजणें हीच मोठी गोष्ट होती. २००६ सालीं नेदरलंडांतील वाखेनिंगेन येथें विंट व सहकाऱ्यांनीं पॉप्लर, एरंड, टोमॅटो आणि तंबाखू या चार वनस्पती तपासल्या. एक वृक्ष, बाकीचीं झुडुपें व रोपें; तरी चौघांतही रसाची गति सेकंदास ०.२५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे ताशीं सुमारें एक मीटर निघाली. इतक्या भिन्न कुळांतील वनस्पतींनीं एकच चाल धरावी, हें आम्हांस विलक्षण वाटलें.

द्राक्षवेलीची हकीकत नाशिककडील आमच्या बागाइतदार वाचकांनीं लक्षपूर्वक वाचावी. पाण्याचा ताण फार वाढला कीं जलवाहिनींतील पाण्याची दोरी तुटते, तींत वायूचा बुडबुडा धरतो, आणि ती नलिका निकामी होते. अशा पुष्कळ नलिका कोरड्या पडल्या म्हणजे पानें जळतात आणि झाड मरतें. २००१ सालीं होलब्रूक व सहकाऱ्यांनीं जिवंत द्राक्षवेलींत नलिका कोरड्या पडल्याचें व पुढें पुन्हां पाण्यानें भरल्याचें या यंत्रानें पाहिलें. झाड आपली जखम आपण बरी करतें, ही वार्ता मोठी आनंदाची होती. परंतु हें भरून येणें सर्व झाडांत, ताण कायम असतां, नित्य घडतें काय, यावर पुढें पंडितांत मोठा वाद माजला. जुन्या प्रयोगांत दिसलेली कांहीं तूटफूट ही फांदी कापण्याच्या कृतीनेंच झालेली होती, असें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें. म्हणजे सुरीनें पुन्हां एकदां दगा दिला होता! म्हणूनच न कापतां पाहण्याच्या साधनाचें महत्त्व.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत जगांतील २२६ जातींचीं जंगली झाडें पाहिलीं होतीं. त्यांपैकीं शेंकडा सत्तर जाती आपल्या पाण्याच्या दोरीच्या तुटण्याच्या अगदीं काठावर जगतात असें दिसलें. पावसाळी प्रदेशांतीलही याला अपवाद नाहींत. उन्हाळा थोडा लांबला कीं त्यांची पुंजी संपते. आपल्या महाराष्ट्रांत अवर्षणाचीं वर्षें कोणीं पाहिलीं नाहींत? झाड वाळलेलें दिसतें तेव्हां पाणी घालूनही कधीं कधीं तें जगत नाहीं, याचें कारण आतां कळतें: माती भिजली तरी वरची दोरी तुटलेली असते.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यंत्र महाग आहे; चित्र स्वच्छ हवें तर वेळ फार लागतो; आणि अगदीं बारीक नलिका एकेकट्या दिसत नाहींत, त्यांचा घोळका दिसतो. मातींत लोहचुंबकी कण असले तर चित्र बिघडतें. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या आपल्या काळ्या जमिनींत असे कण असतातच, म्हणून आपल्याकडील मुळांचीं चित्रें काढणें सोपें जाणार नाहीं. तरीही जर्मनींतील युलिश येथें कुंडींतील मातींत वाढणारीं मुळें या यंत्रानें मोजतात, आणि जपानांत त्सुकुबा येथील संशोधकांनीं यंत्र लहान करून बागेंतील उभ्या झाडापर्यंत नेलें आहे. पूर्वीं झाड यंत्राकडे जात होतें. आतां यंत्र झाडाकडे जाऊं लागलें.

असो. आम्हीं त्या विद्यार्थ्यास उत्तर लिहिलें. चारदां मसुदा फाडला. कारण साठी उलटलेल्या मास्तराच्या लेखणीस 'आमचें चुकलें' हे दोन शब्द जड जातात. शेवटीं एवढेंच लिहिलें कीं, "त्या दिवशीं तुमचा प्रश्न बरोबर होता. आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें, आणि तें ठाऊक नाहीं हें सांगण्याचें धैर्य नव्हतें. खालीं बसावयास पाहिजे होतें तें आम्हीं." त्याचें उलट उत्तर आलें, "गुरुजी, आपण तेरडा दाखविला नसता तर मीं प्रश्नच विचारला नसता." हें त्याचें सौजन्य, त्यावर आम्हीं आपली सुटका करून घेत नाहीं. तो मुलगा चिवट होता म्हणून त्याचा प्रश्न जगला. दुसऱ्या किती मुलांचे प्रश्न आमच्या 'खालीं बस'मुळें जागच्या जागीं वाळून गेले असतील, याची मोजदाद करणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं.

मुलाची जिज्ञासा हीही ताणलेल्या पाण्याच्या दोरीसारखीच असते. तिला वर ओढणारें बळ तिच्या आंतच असतें. आपण फक्त मध्येंच सुरी घालूं नये. आईबापांस व शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंति आहे कीं, उत्तर येत नसेल तर 'येत नाहीं, आपण शोधूं' असें म्हणावें. आमचा नातू या श्रावणांत तेरड्याची फांदी घेऊन आला तेव्हां आम्हीं त्यास प्रयोग करूं दिला. रेघा चढल्यावर त्यानें सुरी मागितली. आम्हीं म्हटलें, "काप, पण कापल्यावर काय नाहींसें होतें तें आधीं ऐक." तो ऐकत बसला. त्यानें पुढें जें विचारलें त्याचें उत्तर आम्हांस आलें नाहीं, आणि तसें आम्हीं त्यास सांगितलें.